दोन मिनिटांचे विमान

मळ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत जायला कोणी विमानात बसेल काय? स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांतले लोक बसतात. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरच्या दोन लहान विमानतळांत अंतर अवघे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे. वारा पाठीशी असला तर त्याहूनही कमी. विक्रम ५३ सेकंदांचा, म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर. आपली बैलगाडी तेवढ्याला चाळीस मिनिटे घेईल. पण मध्ये समुद्र आहे, तिथे गाडीवाट कुठली!

ही सेवा १९६७ साली सुरू झाली. विमान लहानसे, उतारू आठच. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. गुरेमेंढ्या पाळणारी माणसे. तेथे शिक्षक, डॉक्टर याच विमानाने येतात-जातात. एवढ्या थोड्या उतारूंच्या तिकिटांवर विमान चालणे शक्य नाही, म्हणून तिथली स्थानिक कौन्सिल पदरचे पैसे घालते. मला यात उधळपट्टी दिसत नाही. पुरात ओढ्यापलीकडची वस्ती तुटली की काय होते, हे आपण जाणतोच.

धुके उतरले की मात्र विमान जागचे हलत नाही. मग दोन मिनिटांच्या वाटेसाठी दिवसभर थांबायचे.