अम्मीला घेऊन उमरा: बिझनेस क्लासमध्ये नेमकं काय मिळतं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अम्मीला उमऱ्याला घेऊन गेलो, अल्हम्दुलिल्लाह. परत आल्यापासून नेरूळमध्ये शेजारी, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि दोन लग्नांत एकच प्रश्न ऐकला, "म्हणे बिझनेस क्लासने गेलात? काय असतं तिथे?" काहींच्या आवाजात कौतुक होतं, काहींच्या आवाजात "शिक्षकाच्या पगारात?" असा न विचारलेला सवालही होता. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी कारण. अम्मी बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले. पाय खाली सोडून तासभर बसली की घोटे सुजतात. मुंबई ते जेद्दा साधारण पाच-साडेपाच तासांचं उड्डाण, शिवाय विमानतळावरचे तीन-चार तास. डॉक्टर म्हणाले, पाय वर ठेवता आले पाहिजेत. दम्मामच्या भावाने निम्मे पैसे दिले, बाकी आमची बचत. तिकीट इकॉनॉमीच्या जवळजवळ अडीचपट पडलं. हे इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आहे का यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की कर्ज काढायचं नाही आणि अम्मीसोबत एकानेच पुढे बसायचं. बाकीचे दोघे इकॉनॉमीत बसले. आमच्या मते तब्येतीसाठी हा खर्च ठीक आहे, फक्त थाटासाठी असेल तर तोच पैसा मक्केत हरमजवळचं हॉटेल घेण्यात घालावा. म्हाताऱ्या माणसाला त्याचा फायदा रोज पाच वेळा होतो.

अम्मीचे अब्बा रत्नागिरीहून मुंबईला येऊन मुघल लाइनच्या जहाजाने हजला गेले होते. डेकवर चटई टाकून आठवडाभर प्रवास, सोबत तांदूळ आणि सुकी मासळी. 1995 नंतर मुंबईहून हजची जहाजं बंद झाली. "तेव्हाही वरच्या वर्गाचं तिकीट असायचं," अम्मी सांगते. म्हणजे हा भेद काही नवा नाही.

आता कामाचं. बिझनेस क्लास हे एकच नाव असलं तरी सीट दोन प्रकारची असते. लहान विमानात (ए-320 सारखं, मध्ये एकच वाट असलेलं) ती बहुधा रुंद आरामखुर्ची असते. पाठ मागे जाते, पाय थोडे वर येतात, पण पलंग होत नाही. मोठ्या विमानात (बोइंग 787, 777 किंवा ए-330) बहुतेक ठिकाणी सीट सपाट होऊन झोपता येतं. पाय वर ठेवण्यासाठी पैसे भरत असाल तर बुकिंग करताना विमानाचा प्रकार विचारा, नाहीतर पैसे पलंगाचे आणि मिळेल खुर्ची.

दुसरी गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. एजंटने पॅकेजच्या कागदावर "बिझनेस क्लास" लिहिलं होतं. परतीच्या वेळी जेद्दाला काउंटरवर कळलं की जायचं तिकीट बिझनेसचं, यायचं इकॉनॉमीचं. भांडायला तिथे कोण असणार? अम्मी पाच तास पाय लोंबकळत आली आणि आठवडाभर तिचे घोटे उतरले नाहीत. तेव्हा पॅकेजच्या रंगीत कागदावर जाऊ नका, ई-तिकीट हातात घ्या आणि दोन्ही बाजूंच्या उड्डाणांसमोर वर्ग काय लिहिलाय ते वाचा. जे, सी, डी ही अक्षरं साधारणपणे बिझनेसची असतात, वाय इकॉनॉमीचं. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी 12 वरून 18 टक्के झालाय, इकॉनॉमीवर तो 5 टक्केच आहे. भाव विचारताना करासकट विचारा. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना हा हिशोब करावाच लागत नाही, त्यांचं विमान कमिटीच ठरवते.

विमानतळावर चेक-इनची रांग वेगळी असते, बऱ्याचदा सिक्युरिटीचीही, आणि मग लाउंज. लाउंजमध्ये सोफे, चहा-नाश्ता आणि स्वच्छ बाथरूम मिळतं. वुजू करायला आणि एहराम बांधायला हीच जागा सोयीची. जेवण मात्र विचारून घ्या, लाउंजमधलं सगळं हलाल असेल असं गृहीत धरू नका. व्हीलचेअरचा मात्र क्लासशी काही संबंध नाही. ती इकॉनॉमीतही मोफत मिळते, फक्त किमान 48 तास आधी नोंदवावी. त्यातही तीन प्रकार आहेत: जिना चढू शकणाऱ्यांसाठी डब्ल्यूसीएचआर, जिना न चढू शकणाऱ्यांसाठी डब्ल्यूसीएचएस आणि सीटपर्यंतही चालू न शकणाऱ्यांसाठी डब्ल्यूसीएचसी. अम्मीसाठी आम्ही मधला घेतला. चुकीचा प्रकार लिहिला गेला तर म्हाताऱ्या माणसाला विमानाच्या शिडीसमोर उभं राहावं लागतं.

सीटवर बसताच सरबत आणि गरम ओला रुमाल येतो. सौदियाच्या विमानात दारू नसते, तिथे गहवा आणि खजूर देतात, उड्डाणाआधी सफरची दुआही लावतात. इतर कंपन्यांच्या ट्रेमध्ये ज्यूसच्या शेजारी दारूचा ग्लास असू शकतो, तेव्हा विचारून उचला. तिथे मुस्लिम मील हवं असेल तर किमान 24 तास आधी सांगावं लागतं, बुकिंगमध्ये त्याचा कोड एमओएमएल असा दिसतो.

पण उमऱ्याला जाणाऱ्याने त्या रुमालाकडे आणि सोबत मिळणाऱ्या छोट्या पाऊचकडे जरा जपून बघावं. रुमालाला सुगंध असू शकतो. पाऊचमध्ये सुगंधी क्रीम, लिप बाम, मोजे आणि डोळ्यांवरची पट्टी असते. नियत करून एहरामात आलात की खुशबू चालत नाही, पुरुषांना मोजेही चालत नाहीत. पांघरूण डोक्यावर ओढायची सवय असलेल्या पुरुषांनी तर फारच लक्ष ठेवावं. आमच्या शेजारच्या सीटवरचे चाचा दोनदा डोक्यावरून घेता घेता थांबले.

आणि सगळ्यात मोठा धोका हा त्या आरामाचाच आहे. जेद्दा मीकातच्या आत आहे, म्हणून नियत विमानातच, मीकात ओलांडण्याआधी व्हायला हवी. जहाजाने जाणाऱ्या हिंदी हाजींची मीकात यलमलम होती, विमान मात्र ताइफजवळच्या कर्नुल मनाजिलच्या बाजूनेही जाऊ शकतं. सौदियात घोषणा होते, इतरत्र होईलच असं नाही. सपाट सीट, मऊ उशी, पोट भरलेलं. अम्मीला गाढ झोप लागली आणि आमच्या कानांवर हेडफोन होते. घोषणा आम्हाला ऐकूच आली नाही. एअर होस्टेसने खांद्याला हात लावून खुणावलं तेव्हा आम्ही धडपडत उठलो, अम्मीला उठवलं आणि तिने "लब्बैक" म्हटलं. नियत न करता पुढे गेलो असतो तर दम, म्हणजे कुर्बानी, द्यावी लागली असती. दम देता येतो हो, पण पंधरा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला ते कसं सांगायचं? तेव्हा बसल्याबरोबर क्रूला सांगून ठेवा, मोबाइलचा गजर लावा आणि समोरच्या पडद्यावर नकाशा सुरू ठेवा. गजर लावताना लक्षात घ्या, सौदीची वेळ आपल्या अडीच तास मागे आहे. झोपेची भीती असेल तर नियत आधीच, अगदी विमानतळावरसुद्धा, करता येते. आपल्या कोकणी घरांत शाफई मसलक आहे, इतरांत बहुतेक हनफी. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा.

नमाजसाठी सौदियाच्या काही मोठ्या विमानांत वेगळी जागा असते, नसेल तर क्रू सांगेल तिथे. अम्मीने सीटवर बसूनच पढली. बाथरूम इकॉनॉमीपेक्षा थोडंसंच मोठं असतं, वुजू घरून किंवा लाउंजमधून करून निघालेलं बरं.

उतरताना पुढचे आधी उतरतात. पण इमिग्रेशनच्या हॉलमध्ये मागचे दोघे आम्हाला वीस मिनिटांत येऊन भेटले, तेच दोन पांढरे कपडे घालून. बॅगेवर प्रायॉरिटीची चिठ्ठी होती, तरी बॅग सगळ्यांच्या बरोबरच आली.

परतीच्या वेळी जमजमचं विचाराल, तर बिझनेसवाल्यांना जास्त मिळत नाही. साधारणपणे माणशी पाच लिटरचा एकच सीलबंद डबा, तोही वेगळा चेक-इन करायचा. सुटकेसमध्ये कपड्यांत बाटल्या लपवू नका, बॅग उघडून काढून घेतात.

आणि आपल्या नवी मुंबई विमानतळाबद्दल: 25 डिसेंबर 2025 ला तिथून उड्डाणं सुरू झाली ती देशांतर्गत. आम्ही गेलो तेव्हा अंधेरीचं टी-टूच होतं. तिकीट काढताना विमान कोणत्या विमानतळावरून सुटतं तेही वाचा. नेरूळहून उलवे आणि नेरूळहून अंधेरी यांत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तासाचा फरक पडतो, आणि चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्याला कुठलाच क्लास उपयोगी पडत नाही.