काळ्या पानाचा रुबाब, हिरव्या पानाचा घाम

सिगारवाल्यांच्या गप्पांत ‘मडुरो’चा रुबाब काही औरच! मडुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पिकलेला’. तंबाखूचं जाडसर पान जास्त उष्णतेत, जास्त दिवस आंबवलं की गडद चॉकलेटी, जवळजवळ काळं होतं. सिगारला सगळ्यात बाहेरून गुंडाळतात ते हेच. चव कॉफी-कोकोच्या वळणाची, मागाहून हलकासा गोडवा. आणि हो, रंग काळा म्हणजे माल कडक, हा निव्वळ गैरसमज. कडकपणा मुख्यतः आतल्या तंबाखूवर ठरतो. बाहेरचं पान चव देतं आणि चेहरा देतं. एका सिगारला हजार रुपये मोजणारे बरेचसे पैसे या चेहऱ्यासाठीच मोजतात.

मी चंद्रपूरचा. त्यामुळे ‘रॅपर’ म्हटलं की मला आठवतो तेंदूपत्ता. विडीचं हे पान तंबाखूचं नाहीच, टेंभुर्णीच्या झाडाचं. वाळवून जरा ओलं केलं की हवं तसं वळतं, फाटत नाही. पण कागदासारखं सलग जळत नाही; झुरका थांबला की विडी विझते. म्हणून ओढणारा पुन्हा पुन्हा, जोरात ओढतो. चिमूटभर तंबाखूची विडी टार आणि निकोटिनच्या बाबतीत सिगारेटला मागे टाकते ती यामुळेच. सिगारवाल्यांनीही फार खूश होऊ नये. धूर तोंडातच घोळवला तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच.

आता या पानाचा सीझन बघा. ऐन मे महिना, चंद्रपूर-गडचिरोलीचं ऊन. पहाटेच जंगलात शिरायचं, एकेक पान हातानं तोडायचं. घरी आणून सगळ्यांनी मिळून ७० पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. हिशेब करा, ७० हजार पानं! शिवाय जंगल वाघाचं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

पूर्वी या पानाचा व्यवहार सरकार आणि ठेकेदार ठरवायचे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करू लागल्या.

पण खरी गंमत केली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं. २०१२ मध्ये जंगलाचा हक्क हातात आला आणि गावानं ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचाच नाही! कारण साधं. कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात. त्यात जंगल होरपळतं, फळं जातात. वर त्या पानाची होणार विडीच. हातचा पैसा सोडून गावानं बांबूवर भर दिला.

उन्हाळ्यात ताडोब्याला याल तेव्हा बाजारात टेंभरं दिसतात का बघा. टेंभुर्णीचं पिवळं फळ, गोड, किंचित तुरट. झाड न छाटता राहू दिलं, तरच ते हाती लागतं. अस्सल मडुरो म्हणाल, तर आमच्याकडचा हा!