आधी काठ, मग बोट

लेकीचा फोन आला तेव्हा मी बोरी नदीच्या पुलावरून घराकडे निघालो होतो. "नाना, आम्ही घर घेतलं," ती म्हणाली. किती खोल्या, कितवा मजला, असे मी विचारू लागलो, तर ती म्हणाली, "मजला नाही नाना, बोट आहे. सत्तावन्न फूट लांब आणि सात फुटांना दोन इंच कमी रुंद."

माझी बत्तीस वर्षे पालिकेच्या घरपट्टी विभागात गेली. मोजणी, नोंद, मालकी आणि वापर हेच माझे काम. त्यामुळे तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आणि ती उभी कुठे राहणार?" त्याचे उत्तर तेव्हा तिच्याकडे नव्हते. ते मिळवण्यात तिची आणि जावईबापूंची पुढची दीड वर्षे गेली. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी साडेतीन महिने त्या बोटीवर राहून आलो. परवान्याची सारी कागदपत्रे मी चष्मा लावून वाचली. अमळनेर, जळगाव, धुळ्याची पुष्कळ मुले आता इंग्लंडात नोकरी करतात. तिथल्या घरभाड्याने मेटाकुटीला आलेल्या एखाद्याच्या मनात हा विचार आलाच, तर त्याने आधी काय पाहावे, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

सात फुटांचे घर

इंग्लंडात कालव्यांचे जाळे मोठे. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा सुरू केला आणि तिथून कालवे खणण्याची लाट आली. जेम्स ब्रिंडली हा त्या काळचा मोठा स्थापत्यकार. चढ-उतारावर बोट वरखाली करण्यासाठी दोन दरवाजांचे हौद बांधतात, त्यांना लॉक म्हणतात. खालचा दरवाजा बंद करून वरून पाणी सोडले की बोट पाण्याबरोबर वर येते. पाणी आणि खर्च वाचावा म्हणून मध्य इंग्लंडातली बरीच लॉक सात फूट रुंदीची केली गेली. त्यांत मावावी अशी अरुंद बोट, म्हणून तिचे नाव नॅरोबोट.

या बोटींवर माणसे राहू लागली ती हौसेने नव्हे. रेल्वे आली, मालाचे दर पडले, नावाड्यांची कमाई घटली. काठावरच्या खोलीचे भाडे आणि मदतनिसाची मजुरी दोन्ही परवडेनात, तेव्हा बायको-मुले बोटीवर आली. मागच्या बाजूची दहा फुटांची कोठडी हे अख्ख्या कुटुंबाचे घर झाले. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने या मुलांच्या शाळेचा आणि आरोग्याचा प्रश्न लावून धरला आणि १८७७ साली कायदा झाला. राहत्या बोटींची नोंदणी करायची, एका बोटीत किती माणसे राहू शकतात ते ठरवायचे, आत जाऊन तपासणी करायची. हे वाचताना मला आपल्याकडची ऊसतोडीला निघालेली बैलगाडी दिसली. कामामागे घर चालले आणि घरामागे मुले, की शाळा मागे राहते. दीडशे वर्षांपूर्वी तिकडेही तेच घडत होते.

मालवाहतूक पुढे जवळजवळ बंद पडली. टॉम रोल्ट हा लेखक 'क्रेसी' नावाच्या बोटीवर राहिला आणि १९४४ साली त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले. कालवे वाचवायला १९४६ साली संघटना उभी राहिली. बुजत चाललेले अनेक कालवे पुन्हा खुले झाले ते त्या चळवळीमुळे. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे ३२०० किलोमीटर जलमार्ग 'कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट' ही २०१२ साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था सांभाळते. माझ्या लेकीचा परवाना याच संस्थेचा. थेम्ससारख्या नद्यांवर मात्र दुसऱ्या यंत्रणांची नोंदणी लागते. आपली बोट नेमकी कोणाच्या पाण्यात आहे, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

तीन कागद आणि एक कलम

परवान्याचा पाया १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, बोट-सुरक्षा प्रमाणपत्र. गॅसची जोडणी, वायरिंग, इंधनाची टाकी, हवा खेळण्याच्या जागा या सगळ्यांची तपासणी दर चार वर्षांनी होते. दुसरी, विमा. आपल्या बोटीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. तुमच्या बोटीला कायमची बांधायची जागा हवी, तिथे मुरिंग म्हणतात ती. नसेल तर परवान्याच्या संपूर्ण काळात बोट खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे, आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता कामा नये. आजारपण, इंजिनाचा बिघाड, बर्फाने गोठलेला कालवा अशा अडचणीत वाजवी तेवढी मुदत वाढते. बाकी नाही.

बोट घेताना लेकीला कोणीतरी सांगितले होते, "मुरिंग नसली तरी चालते, चौदा दिवसांनी थोडी पुढे सरकवायची." हे अर्धसत्य आहे. 'एक ठिकाण' म्हणजे किती मीटर, हे कायदा सांगत नाही. पण या पुलाकडून त्या पुलाकडे आणि परत, एवढ्याने प्रवास होत नाही. वर्षभरातल्या प्रवासाच्या दोन टोकांमधला पल्ला ३२ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर संस्थेचे समाधान होणे अवघड, असे तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. २०११ साली ब्रिस्टलच्या कौंटी कोर्टात असेच एक प्रकरण गेले होते. बाथ आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन यांच्या दरम्यानच्या छोट्या टप्प्यात एक जण बोट मागेपुढे करत राहत होता. न्यायालयाने हे प्रामाणिक जलप्रवासात धरले नाही. नोकरी जवळ आहे, मुलांची शाळा जवळ आहे, ही कारणे त्या कलमात बसत नाहीत. जो नोकरीच्या जवळ राहायला म्हणून बोट घेतो, त्याचा हेतू आणि कायद्याचा हेतू इथेच एकमेकांना छेद देतात.

माझी वही

लेक मिल्टन कीन्सला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. पाळी सकाळी सातला सुरू होते. जावईबापूंचे काम बरेचसे संगणकावरचे, कुठूनही होणारे. बोट ग्रँड युनियन कालव्यावर. लंडन आणि बर्मिंगहॅमला जोडणारा हा कालवा मिल्टन कीन्समधूनच जातो, म्हणून तिला वाटले होते की घर आणि काम आता शेजारी-शेजारी.

पहिल्या वर्षी त्यांना उत्तरेला स्टोक ब्रुअर्नपासून दक्षिणेला लेटन बझर्डपर्यंत फिरत राहावे लागले. त्या वर्षीचा सगळा हिशेब तिने जपून ठेवला होता. तो मी एका वहीत उतरवून काढला: तारीख, पुलाचा क्रमांक, किती दिवस थांबले, पाणी कुठे भरले. इंग्लंडात कालव्यावरच्या बहुतेक पुलांना क्रमांक असतो, त्यामुळे नोंद सोपी. संस्थेची माणसेही काठाने फिरून बोटींचे क्रमांक टिपून घेतात. आपली नोंद आपल्याकडे असावी. उद्या पत्र आले तर उत्तर देता येते.

बोट वुल्व्हर्टनला असली की सुख. तिथे रेल्वेचा जुना कारखाना आहे आणि कालव्याकाठच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या रंगात आगगाडी रंगवलेली आहे. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. लेटन बझर्डहूनही गाडी थेट मिल्टन कीन्सला येते. पण स्टोक ब्रुअर्नला स्टेशन नाही आणि खाली उतरायला सात लॉक. त्या दोन आठवड्यांत लेक पहाटे साडेचारला उठायची. शिवाय बोट पुढे गेली की मोटार मागे राहते. मग जावईबापू काठाच्या पायवाटेने सायकल मारत मागे जाऊन ती घेऊन यायचे. पूर्वी बोटी ओढणारे घोडे याच वाटेने चालत. बोटीचा कमाल वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आत, आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहून सावकाश. रविवारचा अर्धा दिवस नुसता घर हलवण्यात जायचा.

आपल्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीत शेताला पाण्याची पाळी येते. पाटकरी ठरवेल तेव्हा पाणी, आणि पाळी संपली की दार बंद. इंग्लंडच्या कालव्यांवर पाण्याला पाळी नाही. पाळी आहे ती काठाची. कुठे ४८ तास, कुठे सात दिवस, कुठे चौदा, अशा पाट्या लावलेल्या असतात. पाळी सर्वांनी पाळली तरच पुढच्याला जागा मिळते. हा नियम मला न्यायाचा वाटतो. मात्र तो फिरणाऱ्यासाठी केलेला आहे, रोज सातला हजेरी लावणाऱ्यासाठी नाही.

मुरिंग म्हटली की सगळ्या सारख्या नसतात

मग त्यांनी जागा शोधायला घेतली. तेव्हा कळले की मुरिंग दोन प्रकारची असते. एक विरंगुळ्याची: तिथे बोट वर्षभर बांधा, सुट्टीत येऊन राहा, पण तेच तुमचे एकमेव घर असता कामा नये. दुसरी निवासी: तिथे राहण्यासाठी स्थानिक नियोजन खात्याची परवानगी लागते आणि ती त्या जागेला असते, बोटीला नव्हे. हे वाचल्यावर मला आपले बिगरशेती प्रकरण आठवले. सातबारा तुमच्या नावावर असला म्हणून शेतात हवे ते बांधकाम करता येत नसे; वापर बदलून घ्यावा लागे. तिथेही बोटीचा परवाना वेगळा आणि जागेचा वापर वेगळा.

निवासी जागा थोड्या आणि मागणारे फार. पहिली जागा त्यांना एका खासगी मालकाकडे मिळाली. बोलणे तोंडी झाले होते, करारात मात्र 'विरंगुळ्यासाठी' असे छापलेले होते. सही करताना ते कोणी वाचले नाही. काही महिन्यांनी मालकाचा विचार बदलला आणि चार आठवड्यांत जागा सोडण्याचे पत्र आले. दाद मागायला आधारच नव्हता. बांधलेल्या बोटीत राहणाऱ्याला तिथे घरभाडेकरूसारखे कायद्याचे संरक्षण नाही. फिरत्या घरांसाठी १९८३ चा कायदा आहे, तो जमिनीवरच्या घरांना लागू होतो, बोटींना नाही. मी असतो तर तो करार तीनदा वाचला असता. म्हणून प्रत्येकाला सांगतो, तोंडी शब्दावर बोट बांधू नका.

दुसऱ्या वेळी तिने तीन गोष्टी लेखी मागितल्या: निवासी परवानगीची प्रत, कराराची मुदत आणि नोटिशीचा काळ, आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, कोण भरणार याचा खुलासा. यादीत नाव लावून वाट पाहिली. अखेर एका मरिनामध्ये, म्हणजे बोटींच्या तळावर, निवासी जागा मिळाली. प्रयोगशाळा सायकलने वीस मिनिटांवर.

खर्चाचा हिशेब

बोट स्वस्त दिसते, कारण जमिनीची किंमत तिच्यात नसते. पण नेहमीचे गृहकर्ज बोटीला मिळत नाही. जे मिळते ते थोड्या मुदतीचे आणि चढ्या व्याजाचे. जुनी बोट घेण्याआधी ती पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. नव्या बोटीचा तळ साधारण १० मिलिमीटरचा असतो. गंजाने तो कुठे किती उरला, हे वरून दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी तळाला डांबराचा लेप द्यावा लागतो. परवान्याची फी मुख्यतः बोटीच्या लांबीवर ठरते आणि लेकीच्या बोटीएवढ्या बोटीला ती वर्षाला हजार पौंडांच्या वर जाते. मुरिंग नसणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून जादा आकार सुरू झाला आहे. पहिल्या वर्षी ५ टक्के, आणि २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ टक्के. मुरिंगचे भाडे या सगळ्याहून वेगळे, आणि बहुतेक ठिकाणी तेही लांबीच्या हिशेबाने.

रोजचे कष्ट सांगायलाच हवेत. पाण्याची टाकी नळावर जाऊन भरायची, शौचालयाची पेटी स्वतः नेऊन ठरलेल्या ठिकाणी रिकामी करायची, हिवाळ्यात शेगडीत कोळसा घालायचा. माझी पत्नी पहिल्या दिवशी म्हणाली, "आठे अंगणच नही, पोर." (इथे अंगणच नाही, पोरी.) आठवडाभरात तिने छतावर कोथिंबीर लावली. कष्ट अंगवळणी पडतात. न मिळणारा पत्ता मात्र अंगवळणी पडत नाही. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि मतदार यादीत स्थानिक संबंधाचे निवेदन देऊन नाव लावता येते, ही तिथल्या व्यवस्थेची चांगली बाजू. पण बँक, वाहन परवाना, आलेले टपाल यांसाठी दीड वर्ष तिला मैत्रिणीचे दार वाजवावे लागले.

क्रम चुकवू नका

बोटीवर राहणे वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी लेक कामावरून येऊन पाण्याकडे तोंड करून चहा घेई, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिले आहे. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. लोक आधी बोट घेतात, मग परवाना काढतात आणि शेवटी जागा शोधतात. हे उलटे करा. कामाच्या ठिकाणापासून नकाशावर वर्तुळ काढा, त्यातल्या निवासी मुरिंगची यादी करा, प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जा, तिथे राहणाऱ्यांशी बोला, परवानगीची प्रत बघा. तिथे किती लांबी-रुंदीची बोट चालते ते लिहून घ्या आणि तेवढीच बोट शोधा. जागा मिळत नसेल आणि नोकरी ठरलेल्या वेळेची असेल, तर बोट घेऊ नका. जागा मिळेपर्यंत भाड्याची खोली बरी.

बत्तीस वर्षांत मी हजारो घरांच्या नोंदी केल्या. घर म्हणजे भिंती असे लोकांना वाटते. नोंदवहीत मात्र आधी जागेचा क्रमांक येतो आणि मग बांधकाम. पाण्यावरही तोच क्रम आहे.