हिंद नगर : कोरियातली भारतीय पहारेकरी फौज

27 जुलै 1953 ला कोरियात शस्त्रसंधी झाली, पण एक प्रश्न गळ्यात अडकून राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेने पकडलेले बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. दुसऱ्या बाजूकडेही असे साडेतीनशेच्या आसपास होते. त्यांना कोण सांभाळणार? दोन्ही बाजूंना चालेल असा देश एकच निघाला, भारत.

'कस्टोडियन फोर्स ऑफ इंडिया' ही पाच-सहा हजारांची फौज त्यातून उभी राहिली. तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. कोल्हापूरजवळच्या वडगावचे हे अधिकारी ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवून आलेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असे जाहीर केले. मग इंचॉनला पोचलेले जवान अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथे तंबू ठोकून वसवलेल्या छावणीचे नाव हिंद नगर.

काम नाजूक होते. कैद्यांच्या आवारांत कुओमिंतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाच्या समर्थक आणि कम्युनिस्टविरोधी म्होरक्यांची दहशत होती. घरी परतू इच्छिणाऱ्याच्या जिवाला धोका होता. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आत ओढून नेले. थोरात स्वतः त्या आवारात गेले, कैद्यांच्या घोळक्यात उभे राहून बोलले आणि आपला अधिकारी सोडवून आणला. फौजेचा स्वभाव या प्रसंगात दिसतो, म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. तरीही ऑक्टोबरच्या आरंभी गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. संयमालाही किंमत मोजावी लागते.

मायदेशी परतण्याविषयी आपापल्या बाजूच्या प्रतिनिधींनी कैद्यांना समजावून सांगण्यासाठी नव्वद दिवस ठरले होते. प्रत्यक्षात बैठका मोजकेच दिवस झाल्या, कारण कधी कैदी तंबूबाहेर यायला नकार देत, तर कधी दोन्ही पक्षांचे जमत नसे. मायदेशी गेले ते काही शेच. बाकीचे जानेवारी 1954 मध्ये ज्यांच्याकडून आले त्यांच्याच हवाली केले गेले. 88 जण मात्र कुठल्याच बाजूला गेले नाहीत. ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले.

तेवढे महिने लढाई पुन्हा पेटली नाही. फौजेला काम ठरवून दिले होते, मुदत ठरलेली होती आणि दोन्ही बाजूंचा होकार होता. होकाराचे वजन आम्हा बोईसर-तारापूरकरांना परके नाही. आमच्या अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1971 च्या त्रिपक्षीय करारानुसार आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आल्या. तिचे निरीक्षक हाती बंदूक घेऊन येत नाहीत. करार हाच त्यांचा परवाना.

होकार नसला की काय होते ते युगोस्लाव्हियात दिसले. 1992 मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्र फौजेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. राखण्याजोगी शांतता त्यातून फुटलेल्या बोस्नियात नव्हतीच. नंबियार 1993 मध्ये परतले, आणि जुलै 1995 मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर झालेल्या स्रेब्रेनित्सात डच तुकडीच्या डोळ्यांदेखत माणसे नेली गेली. सुमारे आठ हजार मारली गेली. तुकडी थोडकी होती, तिचा अधिकार अपुरा होता आणि मागितलेली मदत वेळेवर आली नाही.

कोरियात आजही शांततेचा तह नाही. त्याचा ठपका थोरातांच्या माणसांवर ठेवता येत नाही. ते काम त्यांच्याकडे सोपवलेलेच नव्हते. भारताचे 170हून अधिक सैनिक आजवर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांत मरण पावले आहेत. पुढची तुकडी रवाना करण्याआधी संसदेत दोन प्रश्न विचारले जायला हवेत: तिथे शस्त्रसंधी खरोखर पाळली जाते का, आणि आमच्या जवानांना दोन्ही बाजूंनी बोलावले आहे का?