घर विकत घेतलं, पण माळ्यावर भलत्याचीच ट्रंक! आधीच्यांच्या सामानाचं करायचं काय? जाणून घ्या

समजा, बोईसरमध्ये रिसेलचा वन-बीएचके घेतला. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली, चावी हातात आली. दार उघडलं तर माळ्यावर पत्र्याची ट्रंक, गॅलरीत गॅस सिलिंडर आणि भिंतीवर देवाच्या तसबिरी. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणतो, ‘माझं काही नाही, टाकून द्या.’ मग भंगारवाल्याला बोलवायचं का?

थोडक्यात उत्तर असं: घर आपलं झालं म्हणून त्यातली प्रत्येक वस्तू आपली होत नाही.

घरासोबत काय मिळतं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ८नुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर घरासोबत दारं, खिडक्या, कुलपं, किल्ल्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू खरेदीदाराकडे येतात. ट्रंक, कपडे, भांडी, सुटं कपाट, टीव्ही या जंगम वस्तू त्यात येत नाहीत. वाद होतो तो एसी, गीझर, पंखे आणि मॉड्युलर किचनवरून. म्हणून त्यांची यादी करारातच हवी.

विकणारा ‘टाका’ म्हणाला, तर?

वस्तू त्याची असेल तर तेवढं पुरे, फक्त संमती व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्यावी. पण तारापूर एमआयडीसीमुळे बोईसर परिसरात भाड्याने राहणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. ट्रंक जुन्या भाडेकरूची असेल, तर ती टाकण्याची परवानगी विकणाराही देऊ शकत नाही. त्यात कुणाची मार्कशीट किंवा पीएफचे कागद असू शकतात. आपल्याला जे भंगार वाटतं, त्यावर दुसऱ्याची नोकरी अडलेली असते.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७१नुसार, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घ्यावी लागते. सांभाळण्याच्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. शोधूनही मालक सापडला नाही किंवा त्याने रीतसर खर्च द्यायला नकार दिला, तर वस्तू नाशवंत असल्यास किंवा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेल्यास ती विकताही येते.

मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधणं शक्य असताना, वस्तू परस्पर विकली किंवा वापरली तर प्रकरण फौजदारी होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४मध्ये अप्रामाणिकपणे मालमत्ता बळकावल्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे. मालकाला किती दिवस द्यायचे, हे कायद्यात आकड्यात दिलेलं नाही. ‘वाजवी वेळ’ द्यावा, एवढंच आहे.

मग नेमकं करायचं काय?

१. काहीही हलवण्याआधी व्हिडिओ काढा आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसमोर यादी करा.
२. विकणाऱ्याला आणि त्याच्यामार्फत जुन्या भाडेकरूला लेखी कळवा. स्पीड पोस्टने पत्र पाठवून १५ ते ३० दिवसांची मुदत देणं सोयीचं.
३. सामान परत देताना सहीची पोच घ्या.
४. दागिने, रोकड किंवा मौल्यवान वस्तू असतील, तर पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

या वस्तूंबाबत जास्त सावध

गॅस सिलिंडर : तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने तो एजन्सीत जमा करायचा असतो.

पासपोर्ट : कायद्याने तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे. फेकू नका, मालकाला किंवा पासपोर्ट कार्यालयाला पोहोचवा.

जुन्या ५००, १०००च्या नोटा : २०१७च्या कायद्यानुसार बाद झालेल्या अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं दंडनीय आहे. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. दंड १० हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तितका होऊ शकतो.

हत्यार, काडतुसं : हात न लावता थेट पोलिसांना कळवा.

केमिकलचे कॅन, ड्रम : औद्योगिक पट्ट्यातल्या घरांत असे ड्रम पाण्यासाठी वापरले जातात. आधी त्यात काय होतं हे माहीत नसेल, तर पाणी भरू नका. आत काही शिल्लक असेल तर गटारात ओतू नका.

देवाच्या तसबिरी, टाक : आधी घरच्यांना विचारा. कुलदैवताचा टाक अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो.

भिंतीत सोनं सापडलं तर?

चिंचणी, तारापूर, केळवे-माहीमकडचं जुनं घर पाडताना जमिनीत किंवा भिंतीत दडवलेला ऐवज निघाला, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. किंमत दहा रुपयांहून जास्त असली, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाल्यापासून त्यासाठी ठाण्याला जावं लागत नाही.

बँकेच्या लिलावातलं घर असेल तर?

असं घर ‘जसं आहे, तसं’ विकलं जातं. विक्री घराची होते, आतलं सामान बहुधा जुन्या कर्जदाराचंच राहतं. बोली लावण्याआधी नोटीस नीट वाचा आणि सामान कोण, कधी हलवणार, हे बँकेकडून लेखी घ्या.

हे सगळं टाळायचं तर

शेवटचा हप्ता देण्याआधी रिकामं घर स्वतः पाहा, माळा आणि गॅलरीसकट. करारात एक ओळ घाला : ‘ताब्यानंतर अमुक दिवसांत न नेलेल्या सामानावर विकणाऱ्याचा हक्क राहणार नाही, त्रयस्थाचं सामान हलवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.’ ताबा पावतीवर घरात राहिलेल्या वस्तूंची यादी आणि दोघांच्या सह्या असू द्या. आणि ट्रंक उरलीच, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी भाडेकरूला एक फोन नक्की करा.