गुडघेदुखीचा डबा : फायदा पारखावा कसा?

आमचे कितीतरी कारागीर बांधव दिवसभर मांडी घालून किंवा मागापाशी उभे राहून काम करतात. पन्नाशीच्या आसपास गुडघे कुरकुरू लागतात. मग कोणीतरी 'ग्लुकोसामाइन'चा डबा सुचवतो. "घेतला आणि आराम पडला," अशी साक्षही देतो. डबा महिन्याकाठी संपतो आणि पुन्हा पैसे जातात. म्हणून ही साक्ष कशी तपासावी, हे समजून घेणे जरूर आहे.

कापडाचा रंग पक्का की कच्चा हे पाहताना आम्ही एक तुकडा धुतो आणि त्याच थानाचा दुसरा तुकडा न धुता ठेवतो. दोन्ही शेजारी धरल्याशिवाय निकाल देत नाही. औषधाची पारखही अशीच आहे. सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होत असते. माणूस डबा घेतो तो दुखणे भरात असताना. पुढे ते आपोआप उतरले तरी श्रेय डब्याला मिळते. शिवाय इलाज चालू आहे, या भरवशानेही वेदना कमी वाटते. म्हणून एका गटाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली कोरी गोळी देतात. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. कोणाला काय मिळाले, हे रोग्याला व तपासणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते.

अशी मोठी चाचणी अमेरिकेत सरकारी पैशाने झाली व तिचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिवाताच्या १५८३ रोग्यांचे पाच गट केले. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि कोरी गोळी, असे २४ आठवडे दिले. दुखणे किमान २० टक्के उतरले तर फायदा मानायचा, असे आधीच ठरले होते.

कोऱ्या गोळीवरच ६०.१ टक्के रोग्यांना असा आराम पडला! दोन्ही पूरके एकत्र घेणाऱ्यांत हा आकडा ६६.६ होता, सेलेकॉक्सिबवर ७०.१. वेदनाशामकाचा फरक खात्रीचा ठरला. पूरकांचा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता.

ज्यांचे दुखणे जास्त होते, त्या छोट्या गटात मात्र ७९.२ विरुद्ध ५४.३ असा मोठा फरक दिसला. जाहिरातीला एवढे पुरे. पण मोठ्या गठ्ठ्यातून निवडलेल्या एका थानावरून सगळ्या मालाचा भाव ठरत नाही. तशाच रोग्यांवर स्पेनमध्ये वेगळी चाचणी झाली. २०१७ साली तिचा निकाल आला : दोन्ही एकत्र घेऊनही कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

तेव्हा बांधवांनो, खरेदीपूर्वी एवढे विचारा : तुलना कशाशी केली? किती माणसांवर? किती दिवस? आपल्या देशात पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते, तेही वाचा. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात, म्हणून मूळ कशाचे हेही विचारून घ्या. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. डब्याला पैसे देण्याआधी गुडघ्याचा व्यायाम शिकून घ्या आणि वजन जास्त असेल तर उतरवा. या दोहोंचा फायदा चाचण्यांत दिसलेला आहे.