वार्धक्यांतील विस्मृति आणि घराण्याचें रक्त

नगरच्या एखाद्या जुन्या वाड्यांत नव्वदी ओलांडलेल्या आजीबाई असतात. नातवास त्या मुलाच्या नांवानें हांक मारतात. जेवून घटका होत नाहीं तोंच ‘मला कोणीं वाढलें नाहीं’ म्हणतात. ‘साठी बुद्धि नाठी’ म्हणून घरचीं माणसें विषय मिटवितात. पण नातीच्या लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं, कीं आजींची रवानगी माजघरांत होते. ‘घराण्यांत वेड आहे’ असा बोभाटा होईल, ही धास्ती! ती कितपत साधार आहे?

आनुवंशिकतेचा भाग खोटा नाहीं. आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं या रोगाचें वर्णन केलें. १९९३ सालीं अमेरिकन संशोधकांस ‘एपीओई’ या जनुकाशीं त्याचा संबंध आढळला. या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते. त्याच्या तीन मुख्य रूपांपैकीं ‘ई-४’ धोका वाढवितें, ‘ई-२’ कमी करितें. परंतु धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. ‘ई-४’ असूनही कित्येकांची स्मृति शाबूत राहते. नसूनही कित्येकांची जाते.

शिवाय या रूपाचा जोर साठी-सत्तरींत अधिक असून नव्वदीच्या सुमारास पुष्कळ ओसरतो. अतिवृद्धांच्या मेंदूंत बहुधा अनेक विकार एकत्र नांदतात: प्रथिनांचे सांठे, बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याच्या खुणा, इत्यादि. पिढ्यान्‌पिढ्या चाळिशी-पन्नाशींतच स्मृति जाणारीं घराणीं निराळीं, व तीं फार विरळा. तेव्हां नव्वदीच्या आजीवरून विशीच्या नातीचें भवितव्य वर्तविणें शास्त्राला धरून नाहीं. भारतांत साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस हा विकार असल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मग कलंक कोणत्या घराण्यास लावावयाचा?

रक्त बदलतां येत नाहीं, पण पुष्कळसें आपल्या हातीं आहे. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, एकलकोंडेपणा अशीं १४ कारणें टाळल्यास जवळजवळ निम्मे रोगी टळतील किंवा त्यांचा रोग लांबेल, असें ‘लॅन्सेट’च्या मंडळानें २०२४ सालीं म्हटलें. शाकाहारी घरांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या अभावानेंही विस्मरण होतें, आणि तें वेळीं ओळखल्यास उपचारानें सुधारूं शकतें. म्हणून आजींना आधीं जिल्हा रुग्णालयांत किंवा लोणीस प्रवरेच्या रुग्णालयांत दाखवावें. रक्त तपासावें, कानांची परीक्षा करावी.

आणि पाहुणे आले म्हणजे त्यांना खुशाल ओसरीवर बसवावें. एकलेपणानें विस्मृति बळावते, हें माजघराचें दार लोटतांना आठवावें.